गुहेत एकदाच घेतलेले नाव

मेहेरबान दर्यासरकार, मुक्काम पश्चिम किनारा, यांचे हुजुरास अर्ज सादर.

अर्जदार : राहणार करवीर शहर, धंदा अर्जनवीस, वय पन्नाशीला टेकलेले. नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही. तक्रार त्याच नावाविषयी आहे.

जाबदार : देवगडच्या अलीकडे, मासेमार गाबितांच्या वाडीखाली, कड्याच्या पोटात आपण स्वतः कोरलेली गुहा.

घटनेचा दिवस : महाराज गादीवर आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली माघ शुद्ध त्रयोदशी, वेळ दिवस कलतीची.

साक्षीदार पहिला : दस्तगीर, गुळाच्या गाड्या घाटाखाली नेणारा, राहणार शनिवार पेठ, हयात.

साक्षीदार दुसरा : सदरहू वाडीचा तांडेल, होडीचा मालक, हयात, परंतु कानाने मंद.

जिची साक्ष सर्वांत महत्त्वाची, ती : अर्जदाराची पत्नी हौसाबाई. मयत.

तक्रार थोडक्यात अशी की, हौसाबाईने सदर दिवशी सदर गुहेत अर्जदाराचे नाव घेतले. ते अर्जदाराच्या कानावर आले नाही. ते गुहेत राहिले. ते मिळावे.

आता सविस्तर मजकूर.

माझ्या लेखणीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण आपण मला ओळखत नाही. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण कचेरीबाहेरच्या वडाखाली, माझ्या गुरूंच्या चौरंगाशेजारी बसून, बोरू तासत झाले. बांधाचे अर्ज, वतनाचे अर्ज, माहेरी अडवून ठेवलेल्या लेकींचे अर्ज मी लिहीत आलो आहे, आणि मी लिहिलेला अर्ज वाचता आला नाही असे आजवर कोणत्याही अंमलदाराने म्हटलेले नाही. गुरूंनी एक गोष्ट शिकवली, ती मी पाळतो. अर्जात मागणी एकच असावी. दोन मागितल्या तर हुजूर त्यातली सोपी देतात आणि फाईल बंद होते. म्हणून हा अर्जही एकाच मागणीचा आहे.

यंदाच्या त्रयोदशीला मी आपल्या गुहेत पुन्हा जाऊन आलो. हे लिहीत आहे ते करवीरात, माझ्या नेहमीच्या जागेवर. नगारखान्याची नौबत नुकतीच थांबली आहे. धोतराच्या काठाला आपले मीठ अजून आहे. ते वाळून पांढरे झाले आहे, आणि मांडी मोडून बसलो की घोट्याला कुरकुरते. त्या कुरकुरण्याबरोबर सगळे मागे जाते.

त्या काळी आमच्याकडचा माणूस पेठेबाहेर पडे तो लग्नाला, मयताला, बाजाराला, कोर्टाला नाहीतर देवाला. नुसते पाहायला कोणी जात नसे. मी गेलो. वडाखाली एकदा कोकणातला एक पक्षकार बसला होता. आपल्या अर्जाची शाई वाळेपर्यंत त्याने या गुहेची हकीकत सांगितली. समुद्राने कड्यात खोली कोरली आहे, ओहोटीला आत जाता येते, आणि आत लाट शिरली की दगड बोलतो. मी तेव्हा विशीचा होतो. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. घरी येऊन सांगितले की आम्ही दोघे गुहा पाहायला जाणार.

"कंचा देव हाय तिथं?" आईने विचारले.

"देव न्हाय, आई. गुहा हाय. समुद्रानं केल्याली."

"गुहा हाय आणि देव न्हाय, असं कुठं असतंय व्हय?" आई म्हणाली आणि ओटीची तयारी करायला उठली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि महाद्वारातल्या दुकानातला, शेंडी राखलेला नारळ. हे सगळे तिने हौसाच्या पदरात बांधून दिले आणि दारात उभी राहून मला नावाने हाक मारली. नुसत्या नावाने, पुढे काही न लावता. आईची हाक तशी असे. गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारी, शेवटचे अक्षर लांबवलेली.

हौसा मला 'अवं' म्हणे. सगळ्यांच्याच बायका म्हणत. नवऱ्याचे नाव तोंडातून काढले तर त्याचे आयुष्य झिजते, अशी समजूत होती. उखाण्यात ती माझे नाव घेई, पण तिथे आधी महादेवाची पिंड येई, मग चांदीचे ताट, मग मोगऱ्याचा हार, आणि त्या सगळ्याच्या मागून माझे नाव 'राव' लावून हळूच बाहेर येई. त्याला सगळ्या बायका हसत. त्यात मला माझा मी सापडत नसे.

दस्तगीरच्या गाडीत गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, होते आणि त्यांच्यावर अंथरलेल्या घोंगड्यावर आम्ही. दस्तगीर माझ्याच वयाचा, माझ्याच तालमीतला. कुस्तीत मला नेहमी पाडत असे आणि वाचायचे काही आले की माझ्याकडे आणत असे. मला तो मुन्शी म्हणे. गुऱ्हाळांचा हंगाम होता. भोगावतीच्या काठाकाठाने गाडी चालली की एका गुऱ्हाळाचा वास संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होई. कढता रस, चिपाडांचा धूर, बैलांच्या अंगाचा घाम. दाजीपूरच्या रानात तो वास सुटला आणि त्या जागी ओल्या पाल्याचा आला. फोंड्याचा घाट उतरताना हवा अंगाला चिकटू लागली, काजूचा मोहोर नाकात गेला, आणि खालचा गूळ पाझरू लागला. आमच्या घोंगड्याला गोड, तांबूस डाग पडले.

"वैनी, जरा हलक्या बसा," दस्तगीर पुढून म्हणाला. "व्यापारी म्हनंल, गुळावर मानसं वाळत घातल्याती."

"मुन्शींना सांगा की," हौसा म्हणाली. "जड तेच हायती. सगळा कायदा पोटात घिऊन बसल्याती."

वाडी दिसायच्या आधी आपला आवाज आला. तो आपला आहे हे आम्हांला कळले नाही. हौसाने मान वर करून ऐकले आणि म्हणाली, "ऊस केवढा लावलाय बघा हितं. वाऱ्यानं वाजतोय." दस्तगीर त्या रस्त्याने अनेकदा गेलेला, तो गालात हसला. मी मात्र तिच्याच बाजूने होतो. आमच्या कानांना तोवर दुसरा एवढा मोठा आवाज माहीत नव्हता.

मग वळण संपले आणि ऊस नव्हता. आपण होता.

तिथले काय काय आठवावे. होड्यांच्या तळाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा उग्र वास, जो पहिल्या दिवशी नाक दाबायला लावतो आणि तिसऱ्या दिवशी शोधावा लागतो. काठ्यांवर वाळत घातलेली जाळी, आणि त्यांच्यामधून येणारा फाटका फाटका सूर्य. वाळूत पाय रोवला की बाजूची वाळू कोरडी पडे. तो चमत्कार हौसाने इतक्या वेळा करून पाहिला की वाडीतल्या बायका कामे टाकून तिला पाहू लागल्या. सकाळी तिने भाकरीचे पीठ समुद्राच्या पाण्यात मळले. एवढे आयते मीठ असताना पदरचे कशाला घालायचे, असा तिचा हिशेब होता. दस्तगीरने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "वैनी, कालवण राहू द्या. भाकरीनंच कालवण खाल्लंय."

गुहेकडे आम्हांला तांडेलाने नेले. तेव्हा तो ऐन उमेदीत होता. हौसाच्या हातातला नारळ पाहून तो थांबला.

"हो नारळ तुमी घाटावरसून हाडलात?"

"देवासाठी," हौसा म्हणाली.

"आमच्या माडांचो रोष झालो काय तुमच्यार?" तो म्हणाला. मग गंभीर झाला. "थंय देव नाय, वयनी. दर्यो आसा. आणि आयका, भरती लागायच्या आदी भायर येवा. पानी चढतला."

मी वर पाहिले. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. आमची पंचगंगा चढते ती वर पाऊस झाल्यावर, आणि चढायच्या आधी गढूळ होऊन वर्दी देते. पाऊस नाही, ढग नाही, पाणी निवळशंख, आणि हा म्हणतो चढेल.

"पाऊस कुठं हाय?" मी विचारले.

"पावसाचा काय?" तांडेल म्हणाला.

दस्तगीर मालाची ने-आण करणारा. बंदरावर गूळ उतरवून तो परतीची वाट धरी, किनाऱ्यावर थांबून पाणी पाहत बसायला त्याला कधी सवड नव्हती. तोही म्हणाला, "मुन्शी बरोबर बोलतोय. पानी वर जायाला वरनं पानी याया नगं?" तांडेलाने आम्हां तिघांकडे एकदा पाहिले, होडीकडे काम आहे म्हणाला, आणि कड्याच्या वर जाऊन बसला. तिथून आम्ही दिसत होतो. तो आमच्यासाठी बसला आहे हे आम्हांला मागाहून कळले.

गुहेच्या तोंडाशी सपाट खडक होता, देवळाच्या पायरीसारखा. आम्ही तिथे पायताणे काढली. कोणी कोणाला सांगितले नाही. अंधाऱ्या दगडी दारात शिरताना पायताण पायात ठेवणारा माणूस आमच्याकडे जन्मला नव्हता. माझी पायताणे नवी होती, मुद्दाम करवून घेतलेली, चालताना कर्र कर्र वाजणारी. हौसाने तिची त्यांच्याशेजारी नीट जोडून ठेवली आणि त्यांच्यापुढे नारळ, खण आणि तांदूळ मांडले. देव सापडला की आत न्यायचे, असे ठरले. दस्तगीरनेही पायताणे काढली आणि बाहेरच राखणीला बसला. "आत मी कशाला," तो म्हणाला. "दोघं जावा. मी हितं पायताणं सांभाळतो."

आत आपण काय करून ठेवले आहे ते आपणांस माहीत आहे, परंतु अर्जात स्थळाचे वर्णन असावे लागते. तोंड अरुंद. पुढे जोतिबाच्या देवळाच्या सभामंडपाएवढी जागा. खाली गोटे, अंड्यासारखे गुळगुळीत, पाय ठेवला की आपसांत बोलणारे. भिंतीला ओल आणि त्या ओलीवर हिरवे, जांभळे, गंजाच्या रंगाचे पट्टे, जणू कोणी लुगडी पिळून टाकली आहेत. वास शिंपल्यांचा, लोखंडाचा आणि कधीच न वाळलेल्या दगडाचा. सगळ्यात मागे, उजव्या हाताला, एक कोनाडा. माणूस उभा राहील एवढा. त्याच्या तळाशी भेग, आणि त्या भेगेतून आपण श्वास घेता. लाट बाहेर आपटली की काही क्षणांनी कोनाड्यातून फुस्स असे होई, भात्यासारखे, आणि बारीक तुषार उडत.

हौसा त्या कोनाड्यात जाऊन उभी राहिली. मी मध्यभागी थांबलो. सूर्य खाली आला होता आणि त्याचा पिवळा उजेड सरळ आत शिरून तिच्या पाठीवर पडला होता. हिरवे लुगडे, इरकली काठ, अंबाड्यातले अबोलीचे फूल. वाडीतल्या कोणा बाईने ते तिला माळले होते. तिने तोंड दगडाकडे केले. दोन्ही तळवे भिंतीला लावले. मला वाटले देव शोधते आहे.

मग मोठी लाट आली. पहिली, जी बाहेर न थांबता आत शिरली. काहिलीत रस उतू जाताना जसा घुमतो तसा आवाज आधी पायांत आला, मग छातीत, मग मला कानच उरले नाहीत. आणि त्या आवाजात हौसाची मान किंचित वर झाली. कानातली बुगडी हलली. ती काहीतरी बोलली. पाणी माझ्या पिंढऱ्यांना लागून परत गेले, गोटे खळाळत त्याच्यामागे धावले, सगळे शांत झाले, आणि ती वळली. वळली तेव्हा तिचे तोंड नेहमीचे झाले होते.

"काय म्हनलीस?" मी विचारले.

"काय न्हाय. चला. पानी आलं की."

पाणी खरोखरच आले होते. पाऊस नसताना, ढग नसताना, स्वच्छ आणि बिनवर्दीचे. बाहेर दस्तगीर गुडघाभर पाण्यात हात पसरून उभा होता, आणि पायताणे, नारळ, खण, तांदूळ यांपैकी काहीही त्याच्याजवळ नव्हते.

"एकदम आलं, मुन्शी. मी तुमची धरली तवर वैनींची गेली. वैनींची धरली तवर माझी गेली. मग सगळीच गेली."

वरून तांडेल ओरडत खाली उतरत होता. त्याने हौसाला हाताला धरून खडकावर घेतले आणि आम्हां दोघांना वाडी पोचेपर्यंत जे काही ऐकवले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. दूर पाण्यावर नारळ वर-खाली होत चालला होता. हौसा त्याच्याकडे पाहून इतकी हसली की तिला वाळूत बसावे लागले. "आईंचा नारळ पोचला," ती म्हणाली. "देव व्हता म्हनायचा."

अनवाणी परतलो. घाट चढण्याआधी ओढ्याकाठी बैल सोडले. दस्तगीर त्यांना पाण्यावर घेऊन गेला. हौसा चुलीवर भाकरी टाकत होती. मी पुन्हा विचारले. एकाच प्रश्नाकडे सगळ्या बाजूंनी कसे यावे हे मला धंद्याने शिकवले आहे, आणि ती फार वेळ टिकली नाही.

"नाव घेतलं तुमचं," भाकरी उलटत ती म्हणाली.

"उखाणा?"

"उखाण्यातलं लोकांसाठी असतंय. गुंडाळल्यालं. ह्ये नुस्तं घेतलं. तुमची आई घेती तसं. तिथं कुनाच्या कानावर जात न्हवतं, म्हनून घेतलं."

"मग आता घे की. हितं कोन हाय?"

"बैलं हायती की."

"बैलांना काय कळतंय?"

"मला कळतंय," ती म्हणाली, आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली. इतकी गरम की पुढचा प्रश्न सुचला नाही.

पुढली वर्षे मी ते नाव मागत राहिलो. ते आमच्यातले एक चालू प्रकरण होते. नवरात्रात अंबाबाईचा पालखी सोहळा पाहून परतताना गर्दीत तिचा हात धरून मागितले. रंकाळ्यावर, जिथे पाणी कधी चढत नाही, तिथे मागितले. मुलगी झाली त्या खोलीच्या दाराबाहेरून मागितले, आणि आतून सुईणीसकट सगळ्या बायका हसल्या. तिचे उत्तर ठरलेले असे. कधी हसून, कधी त्रासून, कधी धुणे पिळता पिळता.

"तिकडंच ठेवलंय. गुहेत जाऊन ऐका."

दरवर्षी माघ आला की मी म्हणे, यंदा जाऊ. दरवर्षी काही ना काही निघे. पाऊस जास्त झाला, पाऊस कमी झाला, मुलीचे लग्न ठरले. एका वर्षी माघ आला आणि ती नव्हती. त्याचे कारण या अर्जाच्या विषयात येत नाही.

त्यानंतर आणखी एक गोष्ट घडली. ती इतकी हळू घडली की मला कळायला फार वेळ लागला. आई गेली. वडील भाऊ गेला. गुरू गेले. वडाखाली मला अर्जनवीस साहेब म्हणतात. घरी आबा म्हणतात. जावई मामा म्हणतो. दस्तगीर मुन्शी म्हणतो. रोज माझी सही मी कितीतरी कागदांखाली करतो, पण ते अक्षर आहे, आवाज नाही. एके दिवशी लक्षात आले की मला नुसत्या नावाने हाक मारू शकेल असे माणूस करवीर शहरात आता एकही नाही. मग मला ती जागा आठवली, जिथे ते नाव एकदा उच्चारले गेले होते आणि कोणी ऐकलेले नव्हते. जे ऐकले गेले नाही ते खर्चही झालेले नाही, असा मी विचार केला. तो विचार मला अजून बरोबर वाटतो.

दस्तगीरला सांगितले. त्याच्या दाढीत आता काळा केस नाही. गाड्या पोरे चालवतात.

"नावासाठी एवढा घाट उतरायचा?" तो म्हणाला. "मी घेतो की. किती येळा पायजे?"

"तुझं घेऊन काय करू?"

"तेबी खरं," तो म्हणाला आणि थोड्या वेळाने गाडी जुंपली.

वाडी तीच. तेलाचा वास तोच, आणि पहिल्याच श्वासाला तो मला ओळखीचा वाटला. तांडेल म्हातारा झाला आहे. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. आम्ही कोण ते त्याला सांगितले, तेव्हा त्याने आधी आमच्या पायांकडे पाहिले.

"पायतानां हातात घेवन जावा," तो म्हणाला. मग विचारले, "आणि ती नारळवाली वयनी खंय?"

मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितले. तसे ओरडून सांगावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. त्याने मान हलवली आणि यावेळी आमच्याबरोबर खाली आला.

आत काही बदललेले नव्हते. पट्टे तेच, गोटे तेच, भेगेतला श्वास तोच. मी आधी माझ्याच जुन्या जागी उभा राहिलो आणि ऐकले. लाट आली, गेली. पुन्हा आली, गेली. मी कान देऊन चांगला वेळ ऐकले. आपण पुष्कळ काही बोललात. त्यात माझे नाव नव्हते.

तेव्हा मी स्थळपाहणी पूर्ण करायचे ठरवले. दस्तगीरला माझ्या जागी उभे केले, पायताणे त्याच्या हातात दिली आणि मी कोनाड्यात गेलो. तोंड दगडाकडे केले. दोन्ही तळवे भिंतीला लावले. दगड थंड नसतो, हे तिथे हात लावल्याशिवाय कळत नाही. दिवसभराच्या उन्हाने नव्हे, आपल्या श्वासाने तो कोमट असतो. मोठी लाट आत शिरेपर्यंत थांबलो. पायांत घुमले, छातीत घुमले, आणि मी तिचे नाव घेतले. मीही ते तिच्या हयातीत असे नुसते, मोठ्याने घेतले नव्हते. आमच्यात पुरुषही घेत नसत.

"हौसा."

दर्यासरकार, त्या कोनाड्यात आपण काय केले आहे ते आपण कोणास सांगितलेले नाही. बाहेरच्या आवाजाला तिथे जागाच नाही. लाट मागे राहते, आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज समोरच्या दगडावरून, डोक्यावरून, दोन्ही बाजूंनी, भरून, मोठा होऊन त्याच्याच कानांत परत येतो. हौसा. असे नाव मी कधी ऐकले नव्हते. देवळात घंटेखाली उभे राहून ती वाजवल्यासारखे ते माझ्या डोक्यातून फिरले आणि सावकाश थांबले. मी भिंत सोडली नाही.

पाणी ओसरल्यावर दस्तगीरला विचारले, "काय ऐकलंस?"

"काय न्हाय."

"काहीच न्हाय?"

"पाठ दिसली नुस्ती. मान हलली जरा. बोललासा व्हय काय?"

तांडेल तोंडाशी उभा होता, पाण्याकडे नजर ठेवून. त्याने हात केला, आणि आम्ही निघालो. यावेळी पायताणे हातात होती आणि वेळेवर निघालो.

येताना घाटात दस्तगीर गाडी हाकत होता आणि मी मागे बसून हिशेब जुळवत होतो. मला एवढी वर्षे वाटत होते की तिने नाव घेतले आणि ते कोणीच ऐकले नाही. ते चूक होते. तिने ऐकले होते. माझे नाव, तिच्या आवाजात, सगळ्या बाजूंनी, तेवढे मोठे, तिला एकटीला ऐकू आले. आणि त्यानंतर मी आयुष्यभर मागत राहिलो तेव्हा ती हसे, त्याचा अर्थ मला आता लागला आहे असे मी ठामपणे लिहितो. जे तिच्या कानांत एकदा तसे वाजले, ते तिने ओढ्याकाठी, रंकाळ्यावर, धुणे पिळताना कसे घ्यावे? ते तिथे लहान झाले असते.

सबब अर्जदार आपली मूळ मागणी मागे घेत आहे. नाव परत नको. ते जिचे होते तिला त्याच दिवशी पोचले आहे, आणि त्यावर अर्जदाराचा हक्क शाबीत होत नाही.

मागणी मात्र एक असावीच लागते, म्हणून ही बदललेली मागणी नोंदवून घ्यावी.

नाव घेतल्यापासून ती वळेपर्यंत, गोटे खळाळत होते तेवढा वेळ, तिचे तोंड आपल्या दगडाकडे होते. अर्जदारास फक्त पाठ दिसली. दस्तगीर बाहेर होता, तांडेल कड्यावर होता. त्या वेळी समोर आपल्याखेरीज कोणी नव्हते, आणि आता त्या गोष्टीचा साक्षीदारही आपल्याखेरीज कोणी उरलेला नाही.

तरी हुजुरांनी मेहेरबानी करून आपल्या सवडीने, भरतीस अगर ओहोटीस, एवढेच कळवावे की ते नाव कानी पडले तेव्हा तिच्या तोंडावर काय होते.

अर्जदार रोज कचेरीबाहेर वडाखाली हजर असतो. उत्तराची वाट पाहत आहे.